चालु

ट्रायम्फचा क्लच रात्रीतून चिकटतो.
प्लेटा एकमेकींना धरून बसतात,
म्हणून सकाळी गाडी चालू करण्याआधी
लिव्हर दाबून तीन-चार किक रिकाम्याच मारायच्या.
हे मला उजळणीच्या आधी येत होतं.

आज त्याने भागलं नाही.
भद्रावती पेठेतल्या आमच्या पत्र्याखाली
मे महिन्यात नऊलाच पाना हातात धरवत नाही.
डावं झाकण उघडलं, काळं तेल परातीत
(आईने त्या परातीचा नाद केव्हाच सोडलाय).
तीन स्प्रिंगा, तीन नट,
आणि त्या नटांसाठी
नान्नांनी मागाच्या मोडक्या पट्टीला मधोमध खाच पाडून
घडवलेला स्क्रू-ड्रायव्हर.
दुकानात मिळत नाही. आपला दहाचा पाना बसत नाही,
अकराचा घसरतो.
नान्ना म्हणायचे, सायब देश सोडून गेला,
आट्यांचं माप न्यायला विसरला.

प्लेटा रॉकेलमध्ये धुतल्या.
काचेवर पॉलिश पेपर, पेपरवर लोखंडी प्लेट,
हात आपोआप मराठी चार काढत जातो,
चार, चार, चार,
चमक मरेपर्यंत.
चमकलेली प्लेट घसरते, खरखरीत झालेली धरते.
यातून माणसांविषयी मला काही म्हणायचं नाही.

मग कार्बोरेटर. दोन.
पायलट जेटचं भोक केसाएवढं,
आणि त्यात अडकतो तो कचरा गाडीचा नसतो, गल्लीचा असतो:
टॉवेलच्या मागांवरून उडालेलं तूस.
तार घालायची नाही, भोक मोठं होतं.
टूथब्रशचा एक केस, एक फुंकर,
उजेडाकडे धरून एक डोळा.
पलीकडे टाचणीच्या टोकाएवढं आकाश दिसलं की झालं.

राजेशम मेरगू, जॉबर.
एकतीस वर्षं मागांच्या रांगांमध्ये उभे.
गिरणी बंद पडली तेव्हा डाइंग मास्तर
उसने पैसे फेडू शकला नाही, ही गाडी देऊन गेला.
गिरणीने मात्र नान्नांचे कान ठेवून घेतले.

लोक दोन कार्बोरेटर कानाने जुळवतात.
नान्ना तळव्यांनी जुळवायचे.
गाडीमागे उकिडवे, दोन सायलेन्सर, दोन हात,
आरती घेताना धरतात तसे.
मी स्क्रू फिरवायची. पाव फेरा. त्याच्याही निम्मा.
मागून हाक यायची: "चालु!"

तेलुगूत चालु म्हणजे पुरे, थांब.
शाळेत चालू म्हणजे सुरू.
पहिलीतल्या मला शाळेचं खरं वाटायचं,
त्यांनी थांब म्हटलं की मी जोरात फिरवायची,
आणि जुळलेली गाडी पुन्हा लंगडायची.

आता साखरेने तळवेही गेले.
परवा सायलेन्सरचा फोड आला,
तो आईने पाहिला, त्यांना कळलाच नव्हता.
म्हणून मी म्हटलं, तुम्ही बसा, मी कानानेच बघते.
हेही त्यांना ऐकू गेलं नाही.

ते उठले. शेजारच्या लूमवर गेले,
दोन धागे तोडून आणले, पांढरे, वीतभर.
दोन काड्यांना बांधले,
काड्या विटांत रोवल्या, एकेका सायलेन्सरमागे एकेक.

डावा फडफडत होता.
उजवा लोंबकळत, मधेच दचकत.
मी उजव्याचा स्क्रू धरला. पाव फेरा.
नान्ना मान तिरकी करून बघत होते,
ताण्यात तुटलेला धागा शोधताना बघायचे तसे.
त्याच्याही निम्मा.
मग उजवा सरळ झाला,
आणि दोघे आळीपाळीने, सारख्याच जोराने
उडू लागले.

"चालु," ते म्हणाले,
बहिरी माणसं म्हणतात तसं, गरजेपेक्षा मोठ्याने.
समोरच्या चहावाल्याने वळून बघितलं.
गाडी चालू होती.
मी हात काढून घेतला.